एकतीस खड्ड्यांची गल्ली

परक्या घरात शिरून थेट चुलीपर्यंत जायची, आणि वर घरमालकालाच "जरा बाजूला व्हा" म्हणायची मुभा सरकारने फार थोड्या लोकांना दिलेली आहे. मी त्यांतला एक होतो. हुद्दा मोजणीदार. जुन्या नागपुरातल्या काही घरांची न्हाणी त्या घरच्या जावयांनी पाहिली नसेल, मी पाहिली आहे. हे अभिमानाने सांगतोय की ओशाळून, माझं मलाच अजून नीट ठरवता आलेलं नाही.

मूळचा मी रामटेककडचा, धानाच्या बांध्यांमधला. नोकरीची पहिली काही वर्षं शेतं मोजण्यात गेली. शेतात धुरा, म्हणजे बांध, दिसतो, दगड दिसतो, भांडणारे दोघं उघड्यावर समोरासमोर उभे असतात. शहरात हद्द म्हणजे भिंत, आणि भिंतीला दोन बाजू असतात. इतवारीत एकदा एकाच भिंतीवर दोन घरांनी हक्क सांगितला. अलीकडचा म्हणे माझ्या भिंतीत आमच्या देवाचा कोनाडा आहे. पलीकडचा म्हणे आमच्या देवाचाही आहे. मोजून पाहिलं तर दोन्ही कोनाडे पाठीला पाठ लावून होते, मधे वीतभर माती. मी भिंत दोघांची लिहिली. त्या दिवशी दोन्ही घरांतून मला चहा मिळाला नाही.

काम काय असतं ते थोडं सांगतो. शहराच्या जुन्या नकाशांत कितीतरी वस्त्या नुसत्या एका रंगाच्या ठिपक्यासारख्या होत्या. आत किती घरं, कोणाचं कुठपर्यंत, काही नाही. साठचं दशक संपत आलं तेव्हा अशा वस्त्या आतून मोजायला घेतल्या. आम्ही जायचं, प्रत्येक घर नकाशावर काढायचं, त्याला नंबर द्यायचा आणि शेजारी दोन ओळींचा शेरा लिहायचा: कब्जा कोणाचा, बांधकाम कसलं, जुनं की नवं. मग चौकशी अधिकारी बसतात, लोकांना बोलावून विचारतात, आणि ज्याचं ठरेल त्याच्या नावाची आखीव पत्रिका निघते. घराची जन्मपत्रिकाच म्हणा. ती नावावर असली की घर तुमचं.

मला मिळालेली वस्ती इतवारीच्या मागे होती. खरं नाव देत नाही, तिथली माणसं अजून आहेत, खैरीपुरा म्हणू. तीन गल्ल्या, सगळे हातमागावर लुगडी विणणारे कोष्टी. चौकात पाय ठेवला की खटखट ऐकू यायची, आणि ती थांबली की जेवणाची वेळ झाली असं समजायचं.

माझ्यासोबत सोमाजी होता. हा साखळी धरणारा, म्हणजे मोजणीतलं दुसरं टोक. माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठा, छप्पन साली दीक्षा घेतलेला, पांढराशुभ्र सदरा घालून धुळीचं काम करायचा आणि संध्याकाळी तो तसाच पांढरा घरी न्यायचा. कसा, ते मला कधी कळलं नाही. बोलायचा कमी. विचारलं तरच बोलायचा.

पहिल्या सकाळी आम्ही मधल्या गल्लीत साखळी टाकली आणि लगेच उचलावी लागली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा पसरलेला होता. बांबूंच्या कैच्यांवर कमरेइतक्या उंचीवर शेकडो ओले धागे, आणि दोन्ही बाजूंनी माणसं हातात मोठे कुंचे घेऊन खळ लावत, एका पावलाने पुढे सरकत चाललेली. एक म्हातारा पुढे आला. लहानूजी त्याचं नाव, गल्लीचा पंच. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, पण साखळीचा आवाज त्याने बरोबर ओळखला.

"साखळी उचला जी साहेब. ताणा वाळून राहिला. धुराळा बसला का सूत गेलं."

"किती वेळ लागेल?"

"उन्ह चढेपर्यंत. मंग गल्ली तुमची."

"सरकारी काम आहे, बाबा."

"हे बी कामच हाय ना जी."

बसलो एका ओट्यावर. साडेनऊच्या सुमारास ताणा गुंडाळून झाला, गल्ली मोकळी झाली, आणि आम्ही मोजायला लागलो. थोड्या वेळाने सोमाजी पलीकडच्या टोकावरून माझ्याकडे नुसता पाहत उभा राहिला. मलाही तेच दिसत होतं. गल्ली सरळ होती. जुन्या नागपुरातली गल्ली कधी सरळ नसते. ती कोणाच्या ओट्याला वळसा घालते, कोणाच्या पिंपळाला. इथे एकतीस घरं होती आणि एकाची पायरीसुद्धा ओळीबाहेर नव्हती. दोरी धरून आखल्यासारखी. डावी-उजवीकडच्या गल्ल्याही तशाच, आणि लांबीला तिन्ही जवळजवळ सारख्या.

मी लहानूजीला विचारलं, ही कोणी आखली?

"आखन कोण? ताणा वाकडा चालत नाई, मंग गल्ली कशी वाकडी चालन?"

कधीकाळी, भोसल्यांचं राज्य होतं म्हणतात तेव्हा, काही विणकर इथे आले असतील. त्यांनी आधी ताणा पसरला असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घरं बांधली असतील. पुढच्या कितीतरी पिढ्यांत एकानेही आपली भिंत हातभर पुढे घेतली नव्हती. असली शिस्त मला कुठल्या सरकारी ले-आउटमध्ये दिसली नाही. मी प्रशिक्षणात भूमिती शिकलो होतो आणि थोडा तोऱ्यात होतो. त्या सकाळी तोरा जरा उतरला.

जरा म्हणालो, कारण पुरता उतरला असता तर पुढचं घडलं नसतं.

गल्लीतलं शेवटून दुसरं घर सरुबाईचं. पस्तिशी-चाळिशीची विधवा, मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर दुसऱ्यांसाठी सुताच्या कांड्या भरून देई, खळ लावायला जाई. चौथ्या दिवशी त्या घरापाशी आलो तेव्हा दुपार होत आली होती, मे महिना, आणि मला ती गल्ली जेवणाआधी संपवायची होती. बाई दारात आली ती कोपरापर्यंत खळीने माखलेली. म्हणाली, "या ना जी आत." मी पाहिलं: लाल विटांच्या कोऱ्या भिंती, वर नवे कवेलू. म्हटलं, यात काय पाहायचं. मी बाहेरच थांबलो, सोमाजी फितीचं टोक घेऊन आत गेला, आकडा ओरडला, मी लिहिला. शेऱ्यात लिहिलं: "नवीन विटांचे बांधकाम. आत जुने काही नाही."

आत न जाता लिहिलं.

सहा-सात महिन्यांनी चौकशी सुरू झाली. चौकशी अधिकारी कोकणाकडून बदलून आलेले होते. बारीक, कोरडे, आवाज न चढवणारे. हाताखालचे लोक त्यांना टरकून असत. मोजणीदाराला चौकशीला हजर राहावं लागतं, म्हणून मी तिथे होतो, आणि सरुबाईचा नंबर पुकारल्यावर तिच्यासोबत आणखी एक माणूस उठला तेव्हा मी मान वर केली. तो लकडगंजातला, लाकडाची वखार असलेला एक शेठ होता. गल्लीतलं शेवटचं घर आणि त्यामागची मोकळी जागा त्याने विकत घेतली होती. विकणारा याच वस्तीतला, पण भंडाऱ्याकडे निघून गेलेला. खरेदीखतात हद्द लिहिली होती: "पश्चिमेस निंबाचे झाड." झाड केव्हाच पडलं होतं. शेठचं म्हणणं, झाड बाईच्या घराच्या पलीकडे होतं, म्हणजे बाईचं घर त्याच्या जागेत आलं. विकणाऱ्याने दया म्हणून तिला राहू दिलं, आणि तिने चार वर्षांपूर्वी तिथे खोली बांधली. शेठ काही वाईट माणूस नव्हता. त्याला जे सांगून विकलं ते तो खरं मानत होता.

त्याच्या वकिलाने माझाच शेरा वाचून दाखवला. "आत जुने काही नाही. हे सरकारी मोजणीदाराने लिहिलंय, साहेब. आम्ही नाही."

अधिकाऱ्यांनी सरुबाईला विचारलं, "घर तुमचं कशावरून?"

"माह्या सासरचं हाय जी. पह्यले मातीचं होतं. भिंती बसल्या एका पावसात. मंग भावानं इटा देल्ल्या."

"मातीचं घर कोणी बांधलं होतं?"

बाई गप्प.

"नाव सांगा. मूळ कोणाचं घर?"

तिने खाली पाहिलं. पदर दातांत धरला. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं, ती बोलली नाही. वकील हलकेच म्हणाला, "नाव माहीत असेल तर सांगतील ना." पुढची तारीख पडली. कागद आवरताना मी स्वतःला सांगितलं, बाईला ठाऊकच नाही तर माझा काय दोष.

बाहेर पडवीत सोमाजी बिडी विझवत उभा होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या घरात खड्डा हाय, साहेब."

"कसला खड्डा?"

"मागाचा. खाट हाय ना, त्याच्या खालून फळ्या टाकल्या हायेत. म्या फीत धरून गेलो तं पायाखाली पोकळ वाजलं. माहा बाप जाडंभरडं विणे, आमच्या घरी बी होता. मले आवाज समजते."

"तेव्हा काहून नाही सांगितलं?" रागाच्या भरात माझ्याही तोंडून घरची भाषा निघाली.

"तुमी इचारलं नाई."

त्याच दुपारी आम्ही खैरीपुऱ्यात गेलो. सरुबाईने खाट सरकवली, सोमाजीने फळ्या उचलल्या. बाहेरच्यांसाठी सांगतो: हातमाग जमिनीवर उभा असतो आणि विणकर जमिनीतच खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून, काठावर बसतो. पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा. मी त्या खड्ड्यात उतरलो. बसायची जागा दगडाची होती, आणि दगड दोन मांड्यांच्या आकारात झिजलेला होता. हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत. सुती धोतर नेसलेल्या माणसाने बसून बसून दगड झिजवायला किती वर्षं लागत असतील? एका माणसाच्या आयुष्याचं ते काम नव्हे. खड्ड्याच्या कडांना शेणामातीचे थरावर थर होते, झाडाच्या सालीसारखे. विटांच्या नव्या खोलीच्या पोटात ते जुनं घर शाबूत बसलेलं होतं, आणि मी लिहून ठेवलं होतं की आत जुने काही नाही.

"मालक गेले तवापासून झाकून ठेवला," सरुबाई म्हणाली. "उघडा पाह्यला का ते बसूनच हायेत असं वाटते."

मी वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि जे सांगितलं ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. "एक शेरा खोटा होता असं तू लिहून दिलंस, तर उरलेल्या सगळ्या घरांचे शेरे कोण खरे मानेल? उद्या प्रत्येक वकील उठेल. एका बाईसाठी अख्खी मोजणी पाण्यात घालतोस?" दोन दिवस मी त्यावर विचार केला. तिसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर अर्ज ठेवला: सदर घरात मी प्रत्यक्ष गेलो नव्हतो, शेरा बाहेरून लिहिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "आणखी किती घरांत गेला नाहीत?"

"आठवत नाही, साहेब."

"मग सगळ्या घरांत पुन्हा जा. तिन्ही गल्ल्या. आत जाऊन पाहा, काय दिसलं ते लिहा. पंधरा दिवस देतो." आणि माझ्या गोपनीय अहवालात जे लिहायचं ते त्यांनी लिहिलंच. त्याची किंमत पुढे बढतीच्या वेळी मोजली. तक्रार नाही.

त्या पंधरा दिवसांना मी शिक्षा समजून गेलो होतो. नोकरीतले पंधराच दिवस परत देतो असं कोणी म्हटलं तर मी तेच मागेन. पहिल्यांदा मी एका वस्तीत सावकाश बसलो. एका घरात नवरा खड्ड्यात, बायको चरख्यावर, सून चुलीपाशी, आणि तिघांचं भांडण मागाच्या तालावर चाललेलं. धोटा फिरला की एक वाक्य. एका घरी म्हातारीने मला लुगड्याच्या काठातली चूक दाखवली. मला दिसेना. तिने माझं बोट धरून त्यावर फिरवलं तेव्हा लागली, एका धाग्याची. एका घरात सकाळी कोणीतरी वारलं होतं आणि पूर्ण गल्लीचे माग बंद होते. ती शांतता इतकी जड होती की मी चपला हातात घेऊन परत फिरलो. प्रत्येक घरात खड्डा होता. कुठे चालू, कुठे बुजत आलेला, कुठे त्यात कोंबड्या झाकलेल्या. प्रत्येक खड्ड्याचा दगड झिजलेला.

आणि लहानूजीच्या ओट्यावर मला ती यादी ऐकायला मिळाली. मी सहज विचारलं होतं, एवढ्या घरांना एक गल्ली, मग ताणा पसरायचा नंबर कसा लावता?

"पाळीनं. आज एका खड्ड्याची, उद्या त्याच्या खालच्याची. वरून खाली, मंग पुन्ना वरून."

"लक्षात कसं राहतं?"

म्हाताऱ्याने मान किंचित तिरकी केली आणि म्हणायला लागला. "हिरामण, गोविंदा, चिंधू, डोमा, सखाराम, तान्बा..." एकाही ठिकाणी न अडखळता, पाढे म्हणावे तसे. ही राहणाऱ्यांची नावं नव्हती. ज्या माणसाने तो खड्डा पहिल्यांदा खणला किंवा नव्याने बांधून काढला, त्याचं नाव त्या घराला चिकटलेलं होतं. वारस बदलले, घर पडलं, उठलं, तरी पाळी त्याच्याच नावाची. शेवटची दोन नावं त्याने म्हटली तेव्हा मी वही बंद केली आणि पुन्हा उघडली. "झिबल. आन् शेवटी पुनाजी."

"झिबल कोण?"

"सरूच्या नवऱ्याचा आजा. पुनाजीच्या नातवानं शेठले घर इकलं."

"हे किती जणांना येतं?"

"खैरीपुऱ्यात अंक येन्याच्या आदी हेच येते जी पोराले."

दुसऱ्या तारखेला मी हे साहेबांना सांगितलं. वकील हसला. ठरवून पाठ केलेली यादी असेल, म्हणाला. साहेबांनी क्षणभर विचार केला आणि जमलेल्या माणसांना बाहेर पाठवलं. मग कोणाला बोलवायचं ते स्वतः खिडकीतून बोट दाखवून निवडलं. एकेकालाच आत घ्यायचं, झालं की मागच्या दाराने सोडायचं.

पहिला लहानूजी नव्हताच, एक तरणा विणकर होता. त्याने एकतीस नावं म्हटली. साहेबांनी ती उतरवून घेतली. दुसरा आला, त्याचीही तीच, त्याच क्रमाने. तिसरा पान थुंकून आला, घाबरलेला, पण नावं तीच. साहेब आता लिहीत नव्हते, नुसते बोटाने पहिल्या कागदावर खूण करत होते. चौथी भागरथाबाई, पन्नाशीची. तिने दहा नावं म्हटली, थांबली, आणि बारावं म्हटलं.

वकील उठला. "अकरावं गाळलं! तुकाराम!"

भागरथाबाई गोरीमोरी झाली. "सासऱ्याचं नाव कसं घेऊ जी? दहा मानसांत?"

खोलीत कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी टाक खाली ठेवला. मला वाटतं, मागच्या तारखेची ती गप्प उभी राहिलेली बाई त्यांना त्याच क्षणी आठवली असेल, कारण ते म्हणाले, "सरुबाईंना बोलवा."

ती आत आली. या वेळी साहेबांनी घर कोणाचं असं विचारलं नाही. "गल्लीची पाळी म्हणा," एवढंच म्हणाले.

सरुबाईने हात जोडल्यासारखे पोटाशी धरले. हिरामण, गोविंदा, चिंधू. आवाज आधी बारीक होता, पाच-सहा नावांनंतर स्थिर झाला. तुकाराम तिने स्पष्ट म्हटलं; तो तिचा कोणी नव्हता. पंचवीस, सव्वीस. साहेबांचं बोट कागदावर तिच्यासोबत खाली येत होतं. एकोणतिसावं नाव म्हणून झालं.

ती थांबली.

बाहेर रिक्षाची घंटी वाजली, आत भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. एक श्वास, दोन श्वास. तिने डोळे मिटले होते आणि मान वाकवली होती, देवळाच्या चौकटीत वाकवतात तशी. मग डोळे उघडून म्हणाली, "पुनाजी."

साहेबांचं बोट तिसाव्या नावावर होतं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो, मला दिसत होतं. त्यांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. साक्षीदार क्रमांक पाच. तिसाव्या ठिकाणी थांबते. नाव घेत नाही." मग थोडं थांबून, "पुढे नवं वाक्य. नाव न घेण्याचे कारण नाते हे होय."

मी किती साक्षी ऐकल्या असतील. शपथेवर, स्टँपावर, अंगठ्याने, सहीने. शांततेची साक्ष लिहून घेतलेली एवढीच. माझ्या समोर उभा असलेला वखारवाला शेठ हातातली टोपी नुसती फिरवत होता. मग तोच म्हणाला, "साहेब, निंबाचं झाड अलीकडे असेल. आमची काही हरकत नाही." वकील त्याच्याकडे पाहतच राहिला.

जागेवर जाऊन साहेबांनी खड्डाही पाहिला. धोतर सावरून उतरले, दगडावर हात फिरवला, वर आले. निकाल बाईच्या बाजूने झाला.

आखीव पत्रिका द्यायला कार्यालयात बोलावतात. मी ती स्वतः घेऊन गेलो. सरुबाईने ओट्यावर चटई टाकली, मी वाचून दाखवली. तिने ती घडी करून आत ठेवली, मग पाण्याचा गडवा घेऊन आली आणि समोर बसून विचारलं, "तुमचं घर कुठी हाय जी साहेब?"

"इथे भाड्याने राहतो."

"आन् गावचं?"

"वडील गेल्यावर विकलं."

तिला त्याचं खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "मंग तुमचं नाव कोण सांगन जी?"

मी पाणी प्यालो आणि उठलो.

पुढे वर्षं गेली. सत्तरच्या दशकात एकेक माग थांबत गेले. पोरं गिरणीत लागली, रिक्षा चालवायला लागली, कोणी यंत्रमागावर गेलं. ऐंशीनंतर फेरमोजणीला त्या भागात गेलो तेव्हा मधल्या गल्लीत ओटे पुढे आलेले होते, एकाने जिना बाहेर काढला होता, कोणाची स्कूटर उभी होती. नकाशावर मी ती गल्ली वाकडी काढली, कारण ती आता तशी होती. काढताना हात जड झाला हे खरं. लहानूजी नव्हता. सरुबाई होती, केस पांढरे झालेले, आणि तिने चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

मीही प्रताप नगरात घर बांधलं. प्लॉट मी स्वतः मोजून घेतला, चारही कोपऱ्यांत दगड पुरले, कागद असे चोख की कोणाची हिंमत होऊ नये. सगळ्या नोंदी, सगळे शिक्के. दुतर्फा माझ्यासारखेच नोकरदार. फाटकांवर पाट्या, पाट्यांवर आडनावं. सकाळी नमस्कार, संध्याकाळी नमस्कार. चांगली माणसं. पाच-सहा वर्षं अशीच गेली.

मग एका रविवारी संध्याकाळी सोमाजी आला. म्हातारा झाला होता, सदरा तसाच पांढरा. सरुबाई गेल्याचं सांगायला तो शहराच्या त्या टोकाहून सायकल मारत आला होता. थोडा वेळ आम्ही व्हरांड्यात बसलो. तो गेल्यावर मी आत जायच्या ऐवजी बाजूच्या फाटकापाशी गेलो. शेजारी बँकेत होते, गुलाबांना पाणी घालत होते.

"काही काम होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "तुमच्या वडिलांचं नाव काय, ते विचारायला आलो."

त्यांनी नळ बंद केला. माझ्याकडे पाहिलं, थट्टा आहे का म्हणून. मग नाव सांगितलं. थोडं थांबून आजोबांचं सांगितलं. आणि घराकडे वळून बायकोला हाक मारली, "अवं, दोन खुर्च्या टाक वं अंगणात."